वरवरची खाज, आतली गाठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या भाषेत खाजेला मान नाही. ताप आला म्हटलं की घरातलं माणूस कपाळाला हात लावून बघतं. छातीत दुखतंय म्हटलं की धावत जाऊन रिक्षा आणतात. पण अंगाला खाज सुटते म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, आंघोळ केलीस का? नसत्या उठाठेवी करणाऱ्याबद्दल आपण म्हणतो, याला फार खाज आहे. तळहात खाजला तर पैसा येणार की जाणार याची चर्चा होते. खरूज, नायटा, गजकर्ण हे शब्द तर चारचौघांत उच्चारायलाही माणसं कचरतात. मी कवितेच्या प्रांतातला माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरता. तरीही या एका तक्रारीच्या इतिहासामागे मी बरीच वर्षं लागलो आहे, आणि त्याला कारण माझे धाकटे मामू.

गोष्ट १९८९ सालची. मामू तेव्हा तिशीत होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांची फळांची हातगाडी होती. हंगामात तासगावची द्राक्षं, एरवी केळी आणि डाळिंबं. त्या वर्षी उन्हाळा सरता सरता त्यांच्या नडग्यांना खाज सुटू लागली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, चट्टा नाही. दिसायचे ते फक्त नखांचे ओरखडे. दिवसा गिऱ्हाइकांच्या गडबडीत भागून जायचं, पण रात्री ते उठून बसायचे आणि करंडीची कामटी घेऊन पाय खरवडायचे. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. गावात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी म्हणालं द्राक्षांवर मारलेल्या औषधाचं हे बाधलं, कुणी म्हणालं पाणी बदललं. वांगं, अंडं, सुकी मासळी बंद झाली. कडुनिंबाच्या पाल्याच्या आंघोळी झाल्या. गावातल्या एका डॉक्टरांनी खरजेचं औषध दिलं आणि ते घरातल्या सगळ्यांनी अंगाला चोळायचं असं सांगितलं. आम्ही नऊ जणांनी ते चोळलं. दुसऱ्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी मामूंचा खांदा थोपटून सांगितलं, हे मनाचं आहे, धंद्याची काळजी कमी करा.

घरात एकट्या नानीनं ती खाज गंभीरपणे घेतली. तिनं ट्रंकेतला आपला जुना रेशमी दुपट्टा काढला आणि मामूंच्या पायांना गुंडाळायला दिला. पुरुषाला रेशीम मना आहे, मामू म्हणाले. त्यावर नानीनं त्यांना हदीस ऐकवली. पैगंबरांच्या दोन सहकाऱ्यांना अंगाच्या खाजेचा त्रास होता, तेव्हा त्यांना रेशीम वापरायची मुभा मिळाली होती. नानी कधी शाळेत गेली नव्हती. पण नियमाला अपवाद करण्याइतकी खाज मोठी असू शकते, हे तिला माहीत होतं.

मी काय केलं तेही सांगतो. मी कॉलेजात होतो आणि नुकताच कविता करू लागलो होतो. ईदच्या दिवशी सगळी बिरादरी जमलेली असताना मामूंच्या खाजेवर विनोदी चार ओळी रचून मी वाचून दाखवल्या. सगळे पोट धरून हसले. मामूही हसले.

दहा महिने असे गेले. मग तालुक्याच्या एका दवाखान्यात नेहमीच्या डॉक्टरांच्या जागी बदली म्हणून आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मामूंना तपासलं. त्यांनी पाय बघितले, आणि नंतर मामूंना शर्ट काढायला सांगून मान, काखा आणि हासळीच्या हाडाच्या वरची खोलगट जागा बोटांनी चाचपली. डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मामूंना तिचा पत्ताच नव्हता. रात्री घाम येतो का? येतो, इतका की बनियन पिळावा लागतो. पण आम्ही समजत होतो उकाड्यानं येतो. वजन? विजार सैल झाली होती. छातीचा एक्स-रे निघाला, गाठ काढून तपासायला गेली, आणि पंधरा दिवसांनी एका कागदावर एक इंग्रजी नाव आलं. हॉजकिन. लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, त्याचा हा एक प्रकार.

लसिकाग्रंथी म्हणजे काय ते आपल्या आजीला ठाऊक असतं, फक्त हे नाव ठाऊक नसतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथीच. अंगभर अशा शेकडो गाठी असतात. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या त्या चौक्या. या पेशींपैकीच काही बेबंद होऊन वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. हे मला पुढे समजलं. त्या दिवशी मला एवढंच कळेना की गाठ गळ्यात असताना खाज पायाला का सुटावी?

हॉजकिन कोण, हे शोधता शोधता मी लंडनला पोचलो, म्हणजे पुस्तकांतून. थॉमस हॉजकिन १७९८ साली जन्मला. क्वेकर पंथाचा; साधे कपडे, साधं बोलणं आणि अन्याय दिसला की गप्प न बसणं ही त्या पंथाची रीत. पॅरिसला जाऊन तो नव्यानं निघालेला स्टेथोस्कोप शिकून आला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात त्याच्याकडे काम आलं ते मेलेल्यांचं. शवविच्छेदन करायचं आणि विकृत अवयव स्पिरिटच्या बरण्यांत जपून संग्रहालय उभं करायचं. जानेवारी १८३२ मध्ये त्याचा एक निबंध लंडनच्या वैद्यकीय सभेत वाचला गेला. त्यात सात रोगी होते. सगळ्यांच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या, बहुतेकांची पाणथरीही वाढलेली. हा क्षय नाही, साध्या जखमेचं अवधाण नाही, हा ग्रंथींचा स्वतःचाच रोग दिसतो, असं त्याचं म्हणणं. सातवा रोगी त्यानं स्वतः पाहिलाही नव्हता. रॉबर्ट कार्सवेल या मित्रानं पॅरिसमध्ये काढलेल्या रंगीत चित्रावरून तो घेतला होता. निबंधाकडे कुणी विशेष लक्ष दिलं नाही. पुढे त्याच रुग्णालयातल्या सॅम्युअल विल्क्सला स्वतंत्रपणे तोच रोग दिसला. नंतर आपल्या आधी हॉजकिननं तो पाहिला होता हे त्याला कळलं, आणि १८६५ मध्ये विल्क्सनं रोगाला हॉजकिनचं नाव दिलं. शोधाचं श्रेय असं राजीखुशीनं दुसऱ्याला देणारी माणसं साहित्यात तरी मी फार पाहिलेली नाहीत.

हॉजकिनची स्वतःची कहाणी सुखाची नाही. कॅनडातल्या मूळ रहिवाशांशी तिथली व्यापारी कंपनी कशी वागते, यावर तो उघड बोलत असे. रुग्णालयाचा खजिनदार त्याच कंपनीशी संबंधित होता. १८३७ मध्ये हॉजकिनला बढती नाकारली गेली आणि त्यानं रुग्णालय सोडलं. पुढचं आयुष्य बरंचसं समाजकार्यात गेलं. १८६६ साली मोझेस माँटेफिओरी या आपल्या ज्यू मित्राबरोबर तो पॅलेस्टाइनला निघाला होता. वाटेत याफा बंदरात हगवणीनं त्याचा अंत झाला. ख्रिस्ती माणूस, ज्यू मित्रानं उभारलेलं स्मारक, आणि गाव तेव्हाच्या उस्मानी सल्तनतीतलं. त्याची कबर अजून तिथे आहे.

पण आपला विषय खाज. हॉजकिनचं टेबल शवागारातलं होतं. शवागारात गाठ दिसते, कापता येते, बरणीत ठेवता येते. खाज बरणीत ठेवता येत नाही. ती जिवंत माणसाच्या तोंडूनच ऐकावी लागते. कातडीची तक्रार ऐकणारे लोक वेगळ्या शहरात होते, आणि ते वेगळीच गोष्ट लिहीत होते. त्यासाठी पॅरिसला जायला हवं.

पॅरिसचं सेंट लुई रुग्णालय मुळात चौथ्या हेन्री राजानं १६०७ मध्ये प्लेगच्या रोग्यांसाठी तटाबाहेर बांधायला घेतलं. १८०१ मध्ये ते त्वचारोग्यांना दिलं गेलं आणि त्याच साली तिथे झाँ लुई आलिबेर नावाचा डॉक्टर रुजू झाला. हा गडी बोलका, रसिक, थोडा नाटकी. उन्हाळ्यात तो रुग्णालयाच्या अंगणात, लिंडेनच्या झाडांखाली व्याख्यानं देई आणि ती ऐकायला गर्दी जमे. १८०६ साली त्यानं आपल्या मोठ्या सचित्र ग्रंथात लुका नावाच्या एका रोग्याची हकिगत लिहिली. लुकाच्या अंगावर आधी नुसतं पुरळ होतं. पुढे त्याचे फोड झाले, ते वाढत गेले, फुटले, आणि शेवटी पावसाळ्यात उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा गाठी अंगभर उगवल्या. आलिबेरनं आधी त्याला उष्ण देशांतल्या एका संसर्गजन्य रोगाचा भाऊबंद मानलं. मग १८३२ मध्ये त्यानं नाव बदलून ‘मायकोसिस फंगॉइडिस’ असं ठेवलं. अर्थ काढला तर अळंबीसारखी बुरशी.

वास्तविक त्यात बुरशीचा काही संबंध नाही. तो कातडीत मुक्काम करणारा लिम्फोमा आहे. पण उपमा चिकटली ती चिकटलीच. आजही पॅथॉलॉजीच्या रिपोर्टावर हेच नाव येतं, आणि घरी जाऊन ते नाव शोधणारा रोगी बुरशीचं मलम आणतो. उपमा देणाऱ्यांनी जरा जपून द्यावी, असं मला कवी म्हणून वाटतं.

आणि साल पाहा. १८३२ मध्ये लंडनमध्ये हॉजकिन ग्रंथींचा रोग वर्णन करतोय. त्याच १८३२ मध्ये पॅरिसमध्ये आलिबेर कातडीच्या रोगाला नाव देतोय. दोन्ही रोग एकाच घराण्यातले, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. एकाकडे गाठी होत्या, कातडी नव्हती. दुसऱ्याकडे कातडी होती, तिच्या आतलं काही नव्हतं. हे नातं जुळायला पुढची एकशे चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात पॅरिसच्या मंडळींनी एक मोलाची गोष्ट केली. त्यांनी वाट पाहिली. त्याच रुग्णालयातल्या अर्नेस्ट बाझँनं १८७० च्या सुमारास दाखवून दिलं की छत्र्यांसारख्या गाठी ही या रोगाची शेवटची पायरी. पहिल्या पायरीला असतात नुसते लालसर, कोरडे, खाजणारे चट्टे. अगदी इसबासारखे. ते वर्षानुवर्षं तसेच राहतात, कमीजास्त होतात. मग काहींचे जाड उंचवटे होतात, आणि त्यातल्या काहींच्या पुढे गाठी. म्हणजे आलिबेरनं वर्णन केला तो नाटकाचा शेवटचा अंक; पहिला अंक इतका साधा असतो की प्रेक्षकांना नाटक सुरू झाल्याचंच कळत नाही. १८९२ मध्ये बेनिए आणि आलोपो यांनी आणखी एक रूप सांगितलं. यात सगळं अंगच लाल होतं. १९३८ मध्ये अल्बेर सेझारी यानं अशाच लाल झालेल्या, खाजेनं हैराण झालेल्या रोग्यांच्या रक्तात मोठमोठ्या, वेड्यावाकड्या केंद्राच्या पेशी पाहिल्या. कातडीवरची गोष्ट रक्तापर्यंत पोचली होती.

याच रुग्णालयातली एक गंमत सांगायचा मोह होतो. पॅरिसमध्ये ज्यूल बारेता नावाचा कारागीर कागदाच्या लगद्याची फळं करून विकायचा. इतकी हुबेहूब की हात पुढे व्हावा. सेंट लुईच्या एका डॉक्टरांनी ती फळं पाहिली आणि त्याला विचारलं, माणसाची रोगट कातडी अशीच करशील का? बारेता रुग्णालयात आला. रोग्याच्या अंगावरून साचा घ्यायचा, मेण ओतायचं, रोग्यासमोर बसून रंग भरायचे. १८८९ मध्ये पॅरिसला त्वचारोगतज्ज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली तेव्हा या मेणाच्या प्रतिकृतींचं संग्रहालय उघडलं. त्या हजारोंच्या संख्येनं आजही जपून ठेवल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मला मामूंची हातगाडी आठवली. मात्र बारेताला मामूंचा साचा घेता आला नसता. मामूंच्या कातडीवर घेण्यासारखं काही नव्हतंच. ओरखडे तेवढे त्यांचे स्वतःचे.

आता पुन्हा गाठींकडे. गळ्यातल्या गाठी म्हटलं की युरोपातही पहिलं नाव यायचं क्षयाचं. आपल्याकडे तिला गंडमाळ म्हणतात. व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गनं १८९८ मध्ये हॉजकिनच्या रोगातल्या खास पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, पण हा क्षयाचाच एक प्रकार असावा असं त्याला वाटलं. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डोरोथी रीड या तरुण डॉक्टरनं त्या पेशींचं नेमकं वर्णन केलं आणि क्षयाशी याचा संबंध नाही हे ठामपणे मांडलं. दोन मोठी केंद्रं, प्रत्येकात एक गडद ठिपका. घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसणारी ही पेशी आजही स्टर्नबर्ग आणि रीड यांच्या नावानंच ओळखली जाते. त्या संस्थेत बाईला शिकवण्याची जागा मिळण्याची आशा नव्हती, म्हणून रीडबाईंनी ते क्षेत्र सोडलं आणि पुढे माता-बालकांच्या आरोग्याचं काम केलं. आणि १९२६ मध्ये गाय्ज रुग्णालयात हॉजकिनच्या मूळ रोग्यांचे जपलेले अवयव बरणीतून काढून त्यांचे काप तपासले गेले. त्यांपैकी काहींत रोग ठरल्याप्रमाणे सापडला. चौऱ्याण्णव वर्षं बरणीत राहून साक्ष देणारा पुरावा!

क्षयाची ही गल्लत आपल्याकडे इतिहासजमा झालेली नाही. आपल्या देशात गळ्याला गाठ आली तर ती क्षयाची असण्याची शक्यता खरोखरच मोठी असते, त्यामुळे डॉक्टरांना एकदम दोष देता येत नाही. पण गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधं सुरू झाली, महिने गेले, आणि मग लिम्फोमा निघाला, अशा हकिगती भारतीय डॉक्टरांनीच पुन्हा पुन्हा लिहून ठेवल्या आहेत.

कातडीचं आणि गाठींचं नातं शेवटी जुळलं ते एका दुर्लक्षित अवयवामुळे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिचं काम काय, हे १९६१ पर्यंत धडपणे कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी जाक मिलर यांनी लंडनमध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींची एक मोठी फौज थायमसच्या आधारानं तयार होते. त्यांना पुढे टी पेशी म्हणू लागले. यांतल्या काही पेशींचं गस्तीचं ठाणंच मुळी कातडी. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की सेझारीच्या रक्तातल्या पेशी आणि आलिबेरच्या छत्र्यांतल्या पेशी सारख्याच वेड्यावाकड्या आहेत, आणि त्या टी पेशीच आहेत. १९७५ मध्ये लुट्झनर आणि एडल्सन यांच्या गटानं या सगळ्या कुळाला एक नाव दिलं, त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा. हॉजकिनच्या रोगालाही आता रोग न म्हणता लिम्फोमाच म्हणतात.

म्हणजे कातडीचा निरोप दोन तऱ्हांनी येतो. एका तऱ्हेत बिघडलेल्या पेशी कातडीतच घर करतात आणि चट्टे उठतात. दुसरी तऱ्हा मामूंची. रोग छातीत, गळ्यात. कातडीत काहीच नाही. पण आजारी पेशी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या पेशी रक्तात जी रसायनं सोडतात ती कातडीतल्या मज्जातंतूंना चाळवतात, असं मानलं जातं. गाठ गळ्यात आणि खाज पायाला, याचं उत्तर बहुधा हे. कधी मोठ्या वयात अचानक कातडी माशाच्या खवल्यांसारखी कोरडी होते, तोही याच घराण्याचा एक निरोप असू शकतो.

आता इतिहासातलं एक वळण, जे मला सगळ्यांत खटकतं. १९६५ मध्ये अमेरिकेत राय या गावी तज्ज्ञांनी हॉजकिनच्या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या, तेव्हा अंगभर परिणाम दाखवणाऱ्या लक्षणांत ताप, रात्रीचा घाम आणि खाज धरली होती. १९७१ मध्ये ॲन आर्बर शहरात नवी यादी झाली. त्यात ताप राहिला, घाम राहिला, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं आलं. खाज गेली. कारण शास्त्रीय होतं. खाज आहे की नाही यावरून रोगी कितपत बरा होईल हे नीट सांगता येत नव्हतं. ते मला मान्य आहे. ताप थर्मामीटरवर मोजता येतो, वजन काट्यावर. खाजेला मापच नाही. पण रोगाचा जोर मोजण्याची यादी वेगळी आणि रोग ओळखण्याची यादी वेगळी. परीक्षेला जाणारा विद्यार्थी पहिली पाठ करतो, आणि जे यादीत नाही ते विचारायचं राहून जातं. हॉजकिनच्या कितीतरी रोग्यांना खाज असते, आणि काहींना ती गाठ सापडण्याच्या कित्येक महिने आधी सुरू झालेली असते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. सावळ्या, काळ्या कातडीवर मायकोसिस फंगॉइडिसचे चट्टे लाल न दिसता कधी कधी पांढुरके दिसतात. पांढुरका चट्टा म्हटलं की आपल्याकडे दोनच शब्द आठवतात, कोड आणि कुष्ठ. दोन्ही शब्दांना लागलेला सामाजिक डाग असा की माणूस चट्टा झाकतो, लग्नाच्या मुलीचा असेल तर घरच झाकतं. त्यातून हे चट्टे पाठ, पोट, कंबर, मांड्या अशा कपड्यांआड राहणाऱ्या जागी जास्त येतात. कुष्ठाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, या चट्ट्यांवर ती शाबूत असते. पण हे पाहायला चट्टा दाखवावा तर लागतो. एकदा तुकडा तपासून काही निघालं नाही तरी चट्टे हटत नसतील तर पुन्हा तपासावा लागतो, कारण सुरुवातीला सूक्ष्मदर्शकालाही हा रोग इसबासारखाच दिसतो. बाझँचा पहिला अंक अजून तितकाच फसवा आहे. मात्र बहुतेकांत तो फार संथ चालतो, आणि वेळेत ओळखला तर अनेक माणसं त्याच्यासह पूर्ण आयुष्य जगतात. १९७६ पासून त्यावर सोरालेन हे औषध देऊन ठरावीक किरणं देण्याचा उपचार आहे. हे सोरालेन आपल्या बावचीच्या बियांतही असतं. म्हणून कुणी घरी बावची उगाळून उन्हात बसू नये, कातडी भाजते.

इथे कुणी घाबरून मान चाचपायला लागला असेल तर त्यानं जरा थांबावं. शंभर जणांना खाज सुटली तर जवळपास शंभरही जणांची कारणं साधी असतात. कोरडी कातडी, खरूज, इसब, पित्त, एखाद्या औषधाची ॲलर्जी. काहींत यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह किंवा रक्तातलं लोह कमी होणं. पण पुरळ नसताना अंगभर सुटणारी खाज दीड महिना उलटला तरी औषधांना दाद देत नसेल, आणि जोडीला रात्रीचा घाम, बारीक ताप, घटतं वजन किंवा न दुखणारी गाठ असेल, तर डॉक्टरांना सांगावं की मानेला, काखेला, जांघेला हात लावून बघा. रक्ताची साधी तपासणी आणि छातीचा एक्स-रे एवढ्यानंही पुष्कळ कळतं. गाठ असेल तर तिचा तुकडा तपासल्याशिवाय तर्कावर चालू नये.

मामूंना आम्ही मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नेलं. त्यांच्या उपचारात एक लाल रंगाचं औषध होतं, ॲड्रियामायसिन. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जंतूंपासून सुरू झालेलं हे संशोधन, आणि शेजारच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून औषधाचं नाव. त्याच देशातल्या मिलान शहरात जानी बोनादोन्ना यांनी १९७० च्या दशकात हॉजकिनसाठी चार औषधांची जी जुळणी केली तिच्यातलं हे पहिलं. मामूंचे केस गेले, उलट्यांनी ते अर्धे झाले. पण पहिलं सलाईन लागलं त्याच्या पाचव्या की सहाव्या रात्री ते धर्मशाळेत झोपले, आणि सकाळी मामी घाबरून त्यांना हलवायला लागली. त्यांना इतकं गाढ झोपलेलं तिनं वर्षभरात पाहिलं नव्हतं. खाज थांबली होती. गाठ अजून तशीच हाताला लागत होती.

मामू आता सत्तरीकडे आलेत. गाडी मुलगा चालवतो. उन्हाळ्यात घामोळं आलं की सगळं घर त्यांच्या मानेवर तुटून पडतं आणि ते वैतागतात. या भाषणाचं ठरलं तेव्हा मी त्यांना फोन केला, तुमची गोष्ट सांगू का विचारायला. त्यांनी होकार दिला आणि विचारलं, त्या ईदच्या चार ओळी वाचणार का? मी म्हणालो, मामू, ती वही मी कधीच फाडून टाकली. पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी चारही ओळी मला न अडखळता म्हणून दाखवल्या, आणि तिसऱ्या ओळीत वजन बिघडलंय असंही सांगितलं.